डब्यातला शेवटचा खडा

बारकूदादा भोईर ओरडला की धरणाच्या भिंतीवरचे बगळे उडायचे ते थेट विठ्ठलवाडीला जाऊन उतरायचे, असं मी ठाण्यात वर्तकनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये शपथेवर सांगितलेलं आहे. बगळे विठ्ठलवाडीलाच उतरतात हे तुला कसं कळलं, असं एका शेजाऱ्याने विचारलं. मी म्हटलं, परत येतात तेव्हा त्यांच्या पायांना तिथला चिखल असतो. त्याने मान डोलावली आणि बायकोला सांगायला घरात गेला. तर मी हा असा माणूस. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

धरण कल्याणच्या पलीकडे, डोंगरांच्या पायथ्याशी. नाव सांगत नाही. सांगितलं तर येत्या रविवारी निम्मी डोंबिवली डबे घेऊन तिथे हजर होईल. भिंतीच्या वरच्या अंगाला मोठा जलाशय, त्यात एका ठेकेदाराचा बोटक्लब. पायडलच्या बोटी, बदकाच्या तोंडाच्या बोटी, एक मोटरबोट. मी त्या बोटक्लबच्या खिडकीत बसून तिकिटं फाडायचो आणि लाइफ जॅकेटं वाटायचो. भिंतीच्या खालच्या अंगाला नदीचं पात्र, काळे गुळगुळीत खडक, कमरेएवढे डोह. पावसाळ्यात शहरातली माणसं वर बोटिंग करायची आणि खाली खडकांवर चुली मांडायची. दोहोंच्या मध्ये भिंत, आणि भिंतीच्या टोकाला पत्र्याच्या केबिनमध्ये बारकूदादा. धरणाचे दरवाजे उचलायची बटणं त्याच्या ताब्यात होती.

नाव बारकू, उंची सहा फूट दोन इंच, त्यातले साडेचार फूट नुसते पाय. आवाजाचं सांगितलंच. आणि हा एवढा थोरला माणूस पाण्याला घाबरायचा. म्हणजे पोहायला घाबरायचा असं नव्हे; समोर बघून घाबरायचा. जलाशयाकडे पाठ करून त्याला कधी कुणी पाहिलं नाही. भाकरी खायचा ती पाण्याकडे तोंड करून. भिंतीवरून केबिनकडे येताना उलटा चालत यायचा. अख्खी भिंत उलटा चालायचा असं मी सांगत असे. प्रत्यक्षात शेवटची चार-पाच पावलं. पण ती चार-पाच पावलं मी डोळ्यांनी पाहिलेली आहेत.

मी एकदा विचारलं, “दादा, एवढं भ्या वाटतं तर ही नोकरी कशाला धरली?”

“ज्याचं भ्या वाटतं त्याच्याकडं पाठ करून झोप लागंल का रं, ठाणेकर?” तो म्हणाला.

मला तो शेवटपर्यंत ठाणेकरच म्हणाला.

त्याचं मूळ गाव जलाशयाच्या तळाशी होतं. धरण भरलं तेव्हा तो सात-आठ वर्षांचा. गाव उठलेलं, पण याच्या बापाने दोन दिवस आहेत, दोन दिवस आहेत म्हणत मुक्काम लांबवलेला. संध्याकाळी पाणी पार खालच्या शेताच्या बांधाला होतं. पहाटे बारकूने खाटेवरून पाय खाली सोडले ते पाण्यात. घोट्याएवढं, गार, घरभर. आई झोपलेली, बाप घोरतोय, कोंबड्या आढ्यावर जाऊन गप्प बसलेल्या. कुठे खळखळ नाही की काही नाही. “वाघ आला तर मानूस वरडतं, कुत्री भुकतात. ह्यो आला तर कोंबडीसुद्दा वरडली नाय,” तो सांगायचा. जलाशयाला तो ‘ह्यो’ म्हणायचा. बायका नवऱ्याचा उल्लेख करतात तसा. आणि पुढे ठरलेलं वाक्य, “पानी मुकं हाय. म्हनून वरडायचं काम आपलं.”

तेव्हापासून खाटेवरून उतरताना तो आधी हात खाली सोडून जमीन चाचपायचा. केबिनमध्ये दुपारी अर्धा तास आडवा व्हायचा, तेव्हाही. जमीन कोरडी लागली की मग पाय.

शासनाने धरणग्रस्त म्हणून त्याला नोकरी दिली आणि दरवाजे उघडण्याआधी तीनदा वाजवायला भोंगा दिला. बारकूदादाचा भोंग्यावर काडीचा विश्वास नव्हता. त्याने स्वतःची पद्धत काढली. खाली पात्रात उतरायला एकच पायवाट होती. तिच्या तोंडाशी, त्याच्या केबिनच्या दारात, डालड्याचा एक जुना पत्र्याचा डबा आणि शेजारी खड्यांचा ढीग. खाली जाणाऱ्या प्रत्येकाने एक खडा उचलून डब्यात टाकायचा. वर आलं की डब्यातला एक खडा काढून ढिगात टाकायचा. डबा रिकामा म्हणजे नदी रिकामी. साहेब लोक खाली पाहणीला गेले तर त्यांनीही टाकायचा. कडेवरच्या तान्ह्या बाळाचाही वेगळा खडा, तो आईने टाकायचा.

मी पहिल्या दिवशी कामावर रुजू झालो आणि नदी बघून येतो म्हणून निघालो, तर वाटेवर हा खांब आडवा. “खडा.” मी म्हटलं, अहो, मी बोटक्लबचा, स्टाफ आहे. “स्टाफ बुडत नाय काय?” मी खडा टाकला. वर आलो तेव्हा बरोबरच्या एका होडीवाल्याने माझ्या वतीने खडा काढायला हात घातला, तर त्याच्या मनगटावर चापट. “ज्याचा त्यानंच काढायचा.” हा नियम त्याने साक्षात कार्यकारी अभियंत्यांनाही लावला होता. ते गाडीत बसले होते, त्यांना उतरवून आणलं.

मी म्हटलं, दादा, त्यापेक्षा माणसं मोजावी ना सरळ. तर म्हणे, मानसं मोजता येत नाय, हलतात. खडं हलत नाय.

आता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. दोन्हींमध्ये माझा हात आहे.

पहिली भोंग्याची. ठेकेदाराने एका हिवाळ्यात पायडल बोटींच्या शर्यती ठेवल्या. शर्यत सुरू करायला शिट्टी वाजवली तर लांबच्या बोटींना ऐकू जाईना. तेव्हा एका हुशार माणसाने सुचवलं की धरणाचा भोंगा आयता आहे, पावसाळा सोडून तो करतो काय? तो हुशार माणूस मी. ठेकेदार धरणाच्या साहेबांना भेटला, साहेबांनी परवानगी दिली. बारकूदादाला कळलं तेव्हा तो आमच्या खिडकीशी आला, टोपी काढून हातात घेतली आणि ठेकेदाराला इतकंच म्हणाला की शेठ, ह्याचा खेळ करू नका. ठेकेदार म्हणाला, अरे, लोकांना मजा येते. आणि आली. भोंगा वाजला की लोक टाळ्या पिटायचे, शिट्ट्या मारायचे, मोबाईल वर धरायचे. पुढच्या दर रविवारी शर्यत, दर रविवारी भोंगा, आणि बारकूदादा केबिनच्या कोपऱ्यात दोन्ही कानांवर हात दाबून, पाण्याकडे बघत.

दुसरी गोष्ट खड्याची. एकदा कंटाळा आला म्हणून मी येता-जाता डब्यात एक जादा खडा टाकला. संध्याकाळी सगळे वर आले, डब्यात एक उरला. बारकूदादा खाली उतरला. हाका मारत नदीच्या वळणापर्यंत गेला, पुढच्या गावात शिरला, घराघरात विचारत फिरला. दोन ट्रेकवाले नदीकाठाने इकडूनच गेले असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा कुठे त्यातला एक असेल असं समजून परत आला आणि खडा ढिगात टाकला. बोटक्लबचे होडीवाले आणि मी, हसून हसून आमच्या बरगड्या दुखल्या. त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख उखडलेलं होतं, ते मी दुसऱ्या दिवशी पाहिलं. तरी हसलो.

मग तो ऑगस्टमधला रविवार. धरणावर लख्ख ऊन. बोटींना रांग. खाली खडकांवर इतकी माणसं की खडक दिसेनात. आणि डोंगरावर, पार मागे, घाटाच्या बाजूला आभाळ तव्याच्या बुडासारखं काळं. खाली बसलेल्यांना ते दिसत नव्हतं, मध्ये भिंत होती. सकाळी होडीवाल्यांशी माझी पैज लागली, की रविवारच्या गर्दीतही म्हातारा एका खड्यासाठी नदी विंचरणार. मी बिडी मागायच्या निमित्ताने केबिनपाशी गेलो आणि बोलता बोलता खडा सोडला. डब्यात तो पडल्याचा आवाजही आला नाही, इतके खडे होते.

बाराच्या सुमाराला मोजपट्टीवर पाणी चढायला लागलं. मी पायऱ्यांवरच्या शेवाळाची एक रेघ धरून बसलो होतो. तिकिटांचं एक पुस्तक संपेतो रेघ पाण्याखाली गेली. ठेकेदाराने बोटी ओढून घेतल्या, तसा मी केबिनपाशी गेलो. साहेबांचा फोन आला: वर ढग फुटल्यासारखा पाऊस आहे, पाणी धोक्याच्या खुणेला लागण्याआधी दरवाजे उघडायचे, तयारी ठेवा.

बारकूदादाने भोंगा वाजवला. एकदा. दोनदा. तीनदा.

खालून टाळ्या आल्या.

शेकडो माणसं खडकांवर उभी राहिली, वर भिंतीकडे तोंड करून शिट्ट्या मारत होती. कुणीतरी मोबाईल काठीला लावून उंच धरला. वर शर्यत सुटली असं वाटलं त्यांना. बारकूदादाने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्याने भाकरीची पितळी उचलली, तिच्यावर पळी आपटत तो पायवाटेने खाली पळाला. तेव्हा तो जो ओरडला, त्याबद्दल मी एक अक्षर वाढवून सांगणार नाही. बगळे उडाले नाहीत. ते आधीच गेले होते.

माणसं हलेनात. चालेल काका, जातो, म्हणत चिप्सची पाकिटं फोडत होती. एका बाईंचा चुलीवर कुकर होता. दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरी होऊ दे, मग निघतो, म्हणाल्या. बारकूदादाने तो कुकर तसाच तापलेला पंच्याच्या टोकाने उचलला आणि वाटेवर नेऊन ठेवला. बाई मागे, बाईंचे यजमान मागे, अख्खी सोसायटी मागे. शिव्या देत. मग एकेक करून सगळेच हलले. वर केबिनच्या दारात मी उभा होतो. हाताचे पंजे डब्यात जात होते, खडे निघत होते. कुणी भांडत, कुणी हसत, एक जण फोनवर, पण काढत होते. डबा तळाला आला तसं मला आठवलं.

शेवटचा माणूस वर आला. त्याने खडा काढला. डब्यात एक राहिला.

बारकूदादा धापा टाकत आला, डब्यात डोकावला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तेवढ्यात फोन वाजला.

“साहेब, एक मानूस खाली हाय.” पलीकडून कोण म्हणून विचारलं असावं. “ठावं नाय. खडा हाय.” पुन्हा ऐकत राहिला. मग “दहा मिन्टं” म्हणाला आणि फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, “दादा, तो माझा खडा आहे. मी टाकलाय. सकाळी.”

तो वाटेच्या तोंडाशी थांबला.

“मस्करीत टाकला. आईशप्पथ. खाली कुणी नाही. जाऊ नका.”

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत चक्क माया होती. “परवा तू तळ्यात मगर पायलीस. त्याच्या आदी तुज्या काकानं वाघ रिक्षात बसवून मुरबाडला सोडला. माजा जीव वाचवाया आता ह्यो खडा तुजा झाला व्हय?”

“दादा, खरं सांगतोय.”

“चांगला हायस तू,” तो म्हणाला आणि उतरला.

मी त्याच्या मागे गेलो. दहा-बारा पावलं. वरून भिंतीचा आवाज येत होता; आवाज म्हणजे काय, एक थरथर, दाताखाली जाणवावी तशी. मी तिथल्या करंजाच्या झाडाला मिठी मारून उभा राहिलो आणि खाली त्या काळ्या खडकांवरून एक लांब माणूस ह्या डोहातून त्या डोहात वाकून बघत जाताना पाहिला. “कोन हाय रं. वर या. कोन हाय.” प्रत्येक कपारीत. प्रत्येक झुडपाच्या मागे. माझा खडा शोधत होता तो. नदीचं पात्र एवढं मोकळं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यात माझ्या एका थापेमागे फिरणारा माणूस. हातातला फोन वाजायला लागला. मी तो उचलला नाही. पुन्हा वाजला. उचलला, तर साहेबांचा आवाज रडवेला: अरे, भिंतीवरून पाणी जाईल, बारकूला म्हणावं उघड. मी साहेबांनाही सांगितलं, खाली कुणी नाही, खडा माझा आहे. ते म्हणाले, खड्याचं मला काही सांगू नका.

मी झाडापासून हाक मारली. हातातला फोन उंच धरून हलवला. तो वळला. खुणेला वळला असेल. गुडघ्यापर्यंत भिजलेला वर आला, माझ्याजवळून केबिनकडे गेला. केबिनमध्ये डावा हात डब्यावर पालथा ठेवला, झाकण असावं तसा, आणि उजव्या हाताने हिरवं बटण दाबलं.

दरवाजे उचलले गेले. त्या पाण्याचं वर्णन मला जमणार नाही, आणि हे मी म्हणतोय. कुकरची चूल जिथे मांडली होती तो बैलगाडीएवढा खडक मी दाखवू शकलो असतो. पुढच्या क्षणी दाखवायला काही नव्हतं. ज्या बाई मघाशी भांडल्या होत्या त्या मटकन खाली बसल्या आणि त्यांनी मुलाचं डोकं छातीशी धरलं. बारकूदादा मात्र पाण्याकडे बघत होता, एकेका लाटेवर नजर लावून. हात वर येतो का ते बघत होता.

सगळे वाचले. सगळेच्या सगळे. हे मला माहीत आहे, आणि आजतागायत हे ठामपणे माहीत असलेला मी एकटाच माणूस आहे.

पाणी उतरल्यावर आठ दिवस बारकूदादा नदीकाठाने गावोगाव फिरला. कुणी हरवलंय का, कुणाचा माणूस घरी आला नाही का. चौकीत गेला, हवालदारांनी दोन वेळा वही चाळून दाखवली, कुठलीच तक्रार नव्हती. मी खूश झालो. म्हटलं, बघा दादा, मी सांगत होतो. त्याने तळव्यावरचा खडा उलटा करून पाहिला. मग म्हणाला, “ज्याला इचारनारं कोन नाय, असा मानूस असंल.”

त्यानंतर मी त्याला किती वेळा सांगितलं असेल. रडून सांगितलं. होडीवाल्यांना साक्षीला आणलं. ते बेरड, त्यांनी पैज कबूल केली, तर बारकूदादा म्हणाला, तुमीपन पडला त्याच्या नादाला. एकदा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “ठाणेकर, थापा मारून मानूस वर येत नाय रं.” सीझन संपल्यावर मी नोकरी सोडली.

गेल्या वर्षी तो डोंबिवलीला लेकीकडे राहतो असं कळलं, म्हणून गेलो. सुगंधा शाळेत शिक्षिका आहे, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दाराच्या आत खिळ्याला डालड्याचा डबा टांगलेला. मला बघून म्हातारा उठला, अजून तेवढाच उंच, फक्त वरून थोडा वाकलेला, पंख्याला लागेल म्हणून वाकल्यासारखा. सुगंधा सांगत होती की बाबा अजूनही पलंगावरून उतरताना आधी हात खाली सोडतात, तिसऱ्या मजल्यावर. गच्चीवरची टाकी भरून वाहिली की भिंतीला हात लावून उभे राहतात. घरातून कुणी बाहेर पडलं की डब्यात खडा, परत आलं की काढायचा. तिचे यजमान सुरुवातीला वैतागले, आता ऑफिसातून आल्यावर आधी डब्यात हात घालतात, मग बूट काढतात.

चहा झाला. मी माजिवड्याला नोकरी करतो, वगैरे सांगितलं. एकही थाप मारली नाही. त्यालाच करमेना, म्हणाला, वाघाचं सांग की काकाच्या. मी सांगितलं. तो पोट धरून हसला. मग निघताना मी दारात थांबलो आणि डब्यात पाहिलं. घरची सगळी माणसं घरात होती. डब्यात एक खडा होता.

मी विचारायची गरज नव्हती. तो नदीतला होता, काळा, एका बाजूने चपटा. मला माझा खडा ओळखता आला, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, आला हा परत मूळपदावर. पण ओळखता आला.

मी डब्यात हात घातला. “दादा, हा माझा. मी वर आलोय. बघा, समोर उभा आहे.”

त्याने माझं मनगट धरलं. पूर्वीसारखी चापट नाही. नुसतं धरलं, आणि माझी बोटं एकेक करून उघडली, खडा सुटून पुन्हा तळाला पडला. “ज्याचा त्यानंच काढायचा,” तो हळू म्हणाला. “येल एक दिवस. आला आन् डब्यात खडा नसला, तर त्याला वाटंल की आपन वर आल्याचं कुनी धरलंच नाय.”

खाली उतरलो. रस्त्यावर येऊन वर पाहिलं. तो गॅलरीत आला होता, डबा छातीशी, पालथा हात डब्याच्या तोंडावर. मी हात केला. त्याने बघितलं नाही. तो माझ्या मागे, रस्त्याच्या पार त्या टोकापर्यंत, येणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड न्याहाळत होता.